धुळीतलं शेत

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी ठाणे-मुंबईवर धूळ उतरली. ऐन हिवाळ्यात अवेळी पावसाचा शिडकावा झाला होता, आणि त्याच्या मागोमाग कराचीच्या बाजूने अरबी समुद्र आणि सौराष्ट्राचा किनारा ओलांडत आलेल्या वाऱ्याने आकाश पांढुरकं करून टाकलं. दुपारचं तापमान उतरलं, लांबच्या इमारती दिसेनाशा झाल्या. ठाण्याशेजारच्या कळव्यापासून पार पुण्यापर्यंत उभ्या गाड्यांच्या काचांवर पिठूळ थर बसला. लोकांनी त्यावर बोट फिरवून पाहिलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी गाड्या धुतल्या आणि विषय संपला.

तो संपायला नको होता. बोटाला लागलेल्या त्या पिठात खनिजांची बारीक पूड होती, आणि अशा प्रत्येक वादळाच्या धुळीत असतात तसे जिवाणू, बुरशीचे बीजाणू, कुजलेल्या मुळांचे आणि पानांचे कण होते. कुठल्या तरी कोरड्या तळ्याचा, माळरानाचा, नांगरून उघड्या टाकलेल्या शेताचा वरचा थर समुद्र ओलांडून कळव्याच्या पारसिक डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडला होता.

कळव्यात एरवीही धुळीला तोटा नाही. रस्ते, खोदकामं, उभे राहणारे टॉवर, टायर आणि ब्रेकची झीज, इथली बहुतेक धूळ यातूनच निघते. ती आपल्या हाताने उडालेली आहे आणि आपल्यालाच आवरता येण्यासारखी आहे. मला लिहायचंय ते तिच्यातल्या छोट्या, दुरून आलेल्या वाट्याबद्दल. डिसेंबर ते मार्च या काळात पहाटे इथे मतलई वारे वाहतात, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारे वारे उलटून येईपर्यंत हवेचा ओघ पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटावर रब्बीची काढणी आणि मळणी चालू असते, शेतं एकेक करून मोकळी होत असतात. सकाळी खिडकीच्या चौकटीवर फडकं फिरवताना जी करडी-तपकिरी रेघ निघते, तिच्यात देशावरच्या एखाद्या ज्वारीच्या रानाचाही अंश असू शकतो.

महाराष्ट्रात जमिनीची धूप म्हटलं की पाणी डोळ्यांसमोर येतं, आणि ते बरोबरच आहे. इस्रोच्या २०१६ च्या वाळवंटीकरण नकाशासंग्रहात राज्याचं सुमारे ४५ टक्के क्षेत्र ऱ्हास पावणारं दाखवलंय, आणि त्यात मुख्य कारण पाण्याने होणारी धूप हेच आहे. वाऱ्याने होणारी धूप ही राजस्थानची गोष्ट मानली जाते. त्यामुळे आपल्याकडे बांधबंदिस्ती झाली, समतल चर झाले, पाणलोटाची कामं गावोगाव झाली. वाऱ्याकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माण-खटाव, जत, सांगोला, कर्जत-जामखेड या पट्ट्यात जून-जुलैमध्ये उभं राहून पाहावं. पाऊस घाटमाथ्यावर सांडून गेलेला असतो आणि पुढे येतो तो नुसता वारा. त्या वाऱ्याच्या जोरावरच वनकुसवडे-चाळकेवाडीच्या आणि ढालगावच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रब्बीची रानं तेव्हा पेरलेली नसतात. पाळ्या घालून, वखरून, भुसभुशीत करून परतीच्या पावसाची वाट पाहत ती उघडी पडलेली असतात. पायवाटांवर घोटाभर फुफाटा साचलेला असतो आणि वाऱ्याचा झोत आला की तो शेतच्या शेत अंगावर घेऊन उठतो.

वारा माती उचलतो कशी, हे नीट पाहिलं ते राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने, आधी लिबियाच्या वाळवंटात आणि मग वातबोगद्यात. १९४१ साली त्याचं पुस्तक आलं. शेतजमिनीच्या बाबतीत तेच काम कॅनडात आणि पुढे अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये विल्यम चेपिलने केलं. त्यातून कळलं ते असं: अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड कण जमिनीवरून लोळत जातात. त्याहून लहान, साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतचे कण उड्या मारत जातात. सगळ्यात बारीक धूळ मात्र वाऱ्याला थेट उचलता येत नाही, कारण ते कण एकमेकांना चिकटून जमिनीलगतच्या जवळजवळ स्थिर हवेत दबून बसलेले असतात. उड्या मारणारा जाड कण खाली आपटतो, त्या धक्क्याने ते सुटतात आणि वर उधळले जातात. म्हणून जमिनीवर आच्छादन असलं, ढेकळं असली, धसकटं उभी असली, की उड्या मारणारे कण अडतात आणि बारीक धूळही जागेवर राहते. मोकळ्या, कोरड्या, भुगा झालेल्या शेतात मात्र ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा एवढ्याला पुरतो. शिवाय वाऱ्याची वाहून नेण्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला तर माती आठपट जाते. वर्षातले पाच-सहा वादळी दिवसच बहुतेक नुकसान करून जातात ते यामुळे.

एकदा वर गेलेला कण खाली कधी येतो, हे त्याच्या आकारावर ठरतं. एक दशांश मिलिमीटरचा कण सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाने खाली येतो, म्हणजे शेजारच्या शेतात किंवा फार तर पलीकडच्या गावात. एक शतांश मिलिमीटरचा कण किलोमीटरभर उंचीवर गेला तर स्थिर हवेत खाली यायला त्याला दीड दिवस लागतो. जिवाणूच्या आकाराचा, एक सहस्रांश मिलिमीटरचा कण त्याच उंचीवरून आपल्या वजनाने उतरू लागला तर काही महिने लागतील. प्रत्यक्षात त्याआधीच पाऊस त्याला धुऊन खाली आणतो. सिंधपासून ठाण्यापर्यंत धूळ दोन दिवसांत पोचते, यात म्हणूनच काही नवल नाही.

आता नुकसानीचा हिशोब. एका एकरावरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे साधारण चार घनमीटर, सुमारे पाच टन माती. एवढी माती गेली तरी शेतकऱ्याच्या डोळ्याला काही दिसत नाही, रान पूर्वीसारखंच दिसतं. पण ही पाच टन माती सरासरी माती नसते. दुधावरची साय तेवढी काढून न्यावी तसा वारा निवडून नेतो. जाड वाळू आणि खडे मागे राहतात. जातात ती चिकणमातीची बारीक पापुद्री आणि हलका सेंद्रिय गाळ. धुळीत सेंद्रिय पदार्थ, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण मूळ मातीपेक्षा जास्त असतं, हे जगभरच्या मोजण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचा मोठा हिस्सा नेमका याच बारीक आणि सेंद्रिय भागाला चिकटून राहतो.

चांगल्या शेतातल्या एक ग्रॅम मातीत जिवाणूंची संख्या दहा कोटींपासून शंभर कोटींच्या पुढे असते, आणि जातींची गणती हजारांत. त्यातले कोण काय करतं, याची फार थोडी ओळख आपल्याला पटलेली आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्याच मातीत स्ट्रेप्टोमायसिस कुळातला एक जिवाणू सापडला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. पिंपरीत सापडलं ते जतच्या किंवा मुरबाडच्या मातीत नसेल असं कोण म्हणेल? पहिल्या पावसाला येणारा मृद्गंधही याच कुळाची देणगी. त्यांच्यातून निघणारं जिऑस्मिन हे द्रव्य इतकं तीव्र असतं की माणसाचं नाक त्याचे अब्जांशापेक्षाही कमी अंश ओळखतं. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं, की थेंब कोरड्या सच्छिद्र मातीवर पडला की त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार हवेत फेकतात. पुढच्या प्रयोगांत त्या तुषारांबरोबर मातीतले जिवंत जिवाणू वर जाताना दिसले. माती हवेत पाठवायला वाराच लागतो असं नाही, पहिल्या सरीही ते काम करतात.

जमिनीलगतच्या एका घनमीटर हवेत दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत जिवाणूपेशी असतात, धुळीच्या दिवशी त्याहून जास्त. त्या बहुधा एकट्या फिरत नाहीत, कणाला चिकटलेल्या असतात. कणाच्या खाचेत बसलेल्या जिवाणूवर ऊन थेट पडत नाही, तो लवकर सुकत नाही. तरीही हा प्रवास सगळ्यांना झेपत नाही. बॅसिलस आणि त्याच्यासारखे बीजाणू करणारे जिवाणू तग धरतात. अंगात गडद रंगद्रव्य असलेल्या बुरशी तग धरतात, कारण ते रंगद्रव्य अतिनील किरण अडवतं. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून नत्र देणारे रायझोबियम बीजाणू करत नाहीत. मुळांना धरून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचं धाग्यांचं जाळं तुटलं की तुटलं. म्हणजे ज्यांना वाऱ्यावर जगता येतं ते दूर जाऊन पोचतात, आणि शेताला ज्यांची सर्वांत जास्त गरज असते ते वाटेत मरतात. एका शेतातून उडालेली माती दुसऱ्या शेताला खत म्हणून मिळते, निसर्गात काही वाया जात नाही, असं समाधान काही जण करून घेतात. मला ते पटत नाही. खनिजं पोचतात, थोडा नत्र-स्फुरद पोचतो, पण घट्ट विणलेली वस्ती पोचत नाही.

धुळीत जीव असतात ही कल्पना तशी जुनी आहे. १८३२ च्या जानेवारीत बीगल जहाज केप व्हर्दे बेटांजवळ असताना चार्ल्स डार्विनने डोलकाठीवरच्या फडफडत्या कापडात गाळली गेलेली तांबूस धूळ गोळा केली आणि ती बर्लिनला सूक्ष्मजीवांचा अभ्यासक एहरेनबर्ग याच्याकडे पाठवली. अशा नमुन्यांत एहरेनबर्गला ६७ प्रकारचे सेंद्रिय आकार दिसले. १८४६ साली डार्विनने त्यावर लेख लिहिला. आपल्याकडे डी. डी. कनिंगहॅमने कलकत्त्याच्या तुरुंगांतली हवा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १८७३ मध्ये त्याची चित्रं छापली. महाराष्ट्रात हे शास्त्र रुजवलं ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं टिळक एअर सॅम्पलर हे यंत्र साधं आहे: विजेवर चालणारा पंखा हवा आत ओढतो, आणि आतल्या सावकाश फिरणाऱ्या गोल पिंपावर गुंडाळलेल्या चिकट सेलोफेन पट्टीवर हवेतले कण येऊन बसतात. पट्टी कापून काचपट्टीवर ठेवली की कुठल्या वेळी काय उडत होतं ते वाचता येतं. मराठवाड्यातल्या ज्वारी, बाजरी, गहू, भुईमुगाच्या शेतांवर हवा अशी वाचली गेली.

ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आधी दिसतात ते खनिजांचे तुकडे, पारदर्शक, कोन असलेले, कधी लोहाने तांबूस झालेले. मधूनच तपकिरी बीजाणू. एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळता, आत उभ्या-आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेला तो अल्टरनेरिया. त्याच्या आजूबाजूला लहान, लंबगोल, साखळीतून सुटलेले क्लॅडोस्पोरियम. हे दोघे सुकणाऱ्या पानांवर आणि धाटांवर वाढतात, म्हणून मळणीच्या दिवसांत त्यांची गर्दी होते. काळे, गोल, एकाच आकाराचे शेकडो कण झुबक्याने दिसले तर जवळ कुठे तरी ज्वारीवर किंवा उसावर काणी आलेली आहे. आणि नारिंगी-तपकिरी, कडेला बारीक काटे असलेले बीजाणू दिसले तर तांबेरा.

तांबेऱ्याची गोष्ट महाराष्ट्राशी जवळून जोडलेली आहे. उत्तरेच्या आणि मध्य भारताच्या मैदानात उन्हाळ्याची आच इतकी असते की गव्हावरचा तांबेरा तिथे टिकत नाही. मग तो दर वर्षी येतो कुठून? वनस्पतिरोगांचे अभ्यासक के. सी. मेहता यांनी दाखवलं की तो डोंगरांवरच्या थंड हवेत उन्हाळा काढतो. पुढे एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी निलगिरी-पळणीच्या डोंगरांपासून मध्य भारतापर्यंतचा त्याचा हवाई मार्ग शोधला: नोव्हेंबरच्या सुमाराला बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांबरोबर बीजाणू उत्तरेला ओढले जातात आणि पावसाबरोबर कोवळ्या गव्हावर उतरतात. शेकडो किलोमीटरचा हा प्रवास दख्खनवरून होतो, आणि महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावरचं संशोधन केंद्र आहे ते त्याच्या वाटेवरच. धुळीबरोबर जे उडतं त्यात पिकाचे मित्र कमी आणि शत्रू अधिक टिकाऊ, हे या एका उदाहरणावरूनही दिसतं.

माणसाच्या श्वासाबद्दल लोक जास्त घाबरतात, आणि थोडं घाबरण्यासारखं आहेही. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने पाहिले. ती बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यात सगळीकडे असते, आपण तिचे बीजाणू रोज श्वासातून घेतो. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावतं; साखर वाढलेली, स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती खाली आलेली असली तर तेच बीजाणू जिवावर उठतात. मेलेले जिवाणूही अगदीच निरुपद्रवी नसतात. त्यांच्या भिंतींचे तुकडे फुप्फुसात गेले की दाह होतो, आणि मळणी यंत्राजवळ दिवसभर उभ्या राहिलेल्या मजुराला संध्याकाळी कणकण येते त्यात या तुकड्यांचा हात असतो. त्याने तोंडाला ओला रुमाल बांधला तर काही तरी अडतं, साध्या मास्कने त्याहून जास्त. कॅलिफोर्नियात डिसेंबर १९७७ मध्ये सॅन होआकिन खोऱ्यातल्या वादळाने तिथल्या मातीतली एक रोगकारक बुरशी शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांत नेऊन टाकली आणि तिथे रुग्ण वाढले. ती बुरशी आपल्या मातीत राहत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन समाज शेतीवर जगतात, वंशाने आणि खाण्यापिण्याने एकमेकांच्या जवळचे. आमिश कुटुंबं घराला लागूनच गुरं बाळगतात, हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक आणि वस्तीपासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दमा खूपच कमी आढळला, आणि त्यांच्या घरातल्या धुळीत जिवाणूंचे अंश कितीतरी जास्त होते. गोठ्याजवळ वाढलेल्या लेकराला मातीची ओळख असते, ती त्याच्या उपयोगी पडते. धुळीतले जीव सरसकट वैरी नाहीत. कोणती धूळ, किती, कोणाच्या छातीत आणि कोणत्या वयात, यावर सगळं ठरतं.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. उडून जाणारे हे जीव जमिनीत असताना तीच जमीन धरून ठेवत असतात. जिवाणू आपल्या भोवती चिकट शर्करा सोडतात, त्यात चिकणमातीचे कण अडकतात. बुरशीचे धागे आणि पिकाची केसमुळं या लहान गुठळ्यांना गुंफून मोठ्या रवाळ कणांत बांधतात. ऑस्ट्रेलियातल्या टिस्डॉल आणि ओड्स यांनी १९८२ मध्ये ही रचना पायरीपायरीने मांडली. माळरानावर, बांधावर, जिथे नांगर फिरत नाही तिथे नीलहरित शेवाळाचा पापुद्रा पृष्ठभागावर पसरतो. पावसाळ्यात हिरवट काळा, उन्हाळ्यात कोरडा आणि कडक. अशा पापुद्र्याखालची माती वाऱ्याला सहसा दाद देत नाही. बूट, टायर किंवा खूर पडून तो मोडला तर परत धरायला वर्षं लागतात.

हे जीव जगतात ते सेंद्रिय कर्बावर, आणि आपल्या कोरडवाहू जमिनींत तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आलाय. वरून रोटाव्हेटर. बैलाच्या नांगराने ढेकळं निघायची, ती उन्हात तापायची आणि वाऱ्यालाही अडवायची. रोटाव्हेटर एका फेरीत मातीचा भुगा करून देतो. पेरणीला सोपं पडतं, मजुरी वाचते, मजूर मिळत नसताना शेतकऱ्याने दुसरं काय करावं, हा प्रश्न खरा आहे. पण त्या एका फेरीत बुरशीच्या जाळ्यांच्या चिंध्या होतात, गुठळ्या फुटतात, आत जपलेला कर्ब हवेच्या संपर्कात येऊन लवकर जळतो. वस्ती उपाशी पडते, तिचा डिंक आटतो, आणि पुढच्या वाऱ्याला सुटी माती तयार मिळते.

हे ज्याला डोळ्यांनी पाहायचं असेल त्याने काचेचे दोन पेले पाण्याने भरावेत. एक सुकं ढेकूळ नेहमी नांगरल्या जाणाऱ्या शेतातलं घ्यावं, दुसरं त्याच शेताच्या बांधावरचं, गवताच्या मुळाशी असलेलं. चाळणीच्या जाळीवर ठेवून दोन्ही अलगद पाण्यात बुडवावीत. शेतातल्या ढेकळातून बुडबुडे सुटतात, कडा ढासळतात, आणि पाच मिनिटांत पेल्याच्या तळाशी चिखल बसतो, पाणी गढूळ होतं. बांधावरचं ढेकूळ बहुतेक वेळा आकार धरून राहतं, पाणी स्वच्छ राहतं. माती एकच, बापजाद्यांपासूनची. फरक आहे तो डिंकाचा.

ठाणे जिल्ह्याच्या जुन्या भातशेतीला वाऱ्याची जाण होती. राब भाजताना रोपवाटिकेच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचतात आणि सगळ्यात वर बारीक माती पसरतात, ती पेटलेल्या राबाची राख उडून जाऊ नये म्हणून. पेटवतात ते वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग धावत न सुटता धुमसत राहते. एच. एच. मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी १९१२ साली या पद्धतीचा सविस्तर अभ्यास छापला. मातीला आच लागली की तिच्यातले काही सूक्ष्मजीव मरतात, उरलेले झपाट्याने वाढतात आणि नत्र मोकळा होतो, हे इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्याच सुमारास दिसत होतं. याच कानिटकरांनी पुढे मुंबई इलाख्यातल्या कोरडवाहू शेतीवर काम केलं. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झालं, आणि भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचं त्यांचं पुस्तक १९४४ साली आलं. राब आज मागे पडतोय. त्यासाठी होणाऱ्या झाडतोडीमुळे तो मागे पडणं योग्यही आहे. कल्याण-शिळच्या बाजूला तर रोपवाटिकाच उरल्या नाहीत. शेतांवर भराव पडला, काहींचा वरचा थर वीटभट्ट्यांत भाजला गेला.

कल्याणवरून कर्जतची गाडी धरली तर नेरळ लागतं. तिथल्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा तंत्र बसवलं. त्यात कायमचे गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, ती जागच्या जागी कुजतात; त्यांच्या पोकळ वाटांतून पाणी आणि हवा खाली जाते, गांडुळं परत येतात. भातानंतर त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा असं काही घेतलं की उघड्या पडणाऱ्या महिन्यांत जमीन झाकलेली राहते. तणांसाठी यात तणनाशकाचा आधार घेतला जातो आणि त्यावर आक्षेप आहेत. तो वापर कमीत कमी व्हावा असं मलाही वाटतं. पण नांगर थांबवला तर माती किती लवकर सावरते, हे पाहायला कळव्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर जागा आहे, आणि ती पाहून यावी. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर यांनी उसाच्या शेतीत हेच कितीतरी वर्षं लिहून-करून दाखवलंय: पिकाचे जमिनीखालचे अवशेष हेच सूक्ष्मजीवांचं खरं अन्न.

कोकणात आणि उसाच्या पट्ट्यात हे जमतं, कारण पाणी आहे. माणदेशात अडचण खरी आहे. तिथे मालदांडी ज्वारी धान्यासाठी जेवढी लावतात तेवढीच कडब्यासाठी. कडबा शेतात अंथरा म्हणून सांगणाऱ्याने आधी दावणीच्या गुरांना काय घालायचं ते सांगावं. म्हणून तिथे सगळं आच्छादन मागण्यात अर्थ नाही, आणि त्याची गरजही नाही. अमेरिकेत डी. डब्ल्यू. फ्रायरियर यांनी १९८५ मध्ये मोजलं होतं, की जमिनीचा फक्त पाचवा हिस्सा झाकला तरी वाऱ्याने जाणारी माती निम्म्याहून कमी होते, आणि निम्मी झाकली तर जवळजवळ थांबते. आडव्या पडलेल्या काडीपेक्षा उभं धसकट वारा जास्त अडवतं. म्हणजे ज्वारी मुळासकट उपटण्याऐवजी वीतभर ठेवून कापली, धसकटं वेचून बांधावर जाळण्याचं बंद केलं, आणि पाळ्या घालण्याची घाई पहिला पाऊस पडेपर्यंत थांबवली, तर गुरांच्या तोंडचा कडबा न काढताही काम भागतं. वाऱ्याच्या आडव्या बांधावर शेवरी, शेवगा, कडुनिंब वाढवला तर त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंदावतो. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाण्यासाठी केली, पण माळावर गवत परत धरलं तेव्हा वाऱ्याचाही बंदोबस्त आपोआप झाला. कृषी विभागाच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे येतात. त्याच्या शेजारी ढेकूळ पाण्यात किती वेळ टिकलं हाही एक रकाना असावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पेला आणि घड्याळ पुरतं, आणि शाळेतली पोरंसुद्धा तो भरू शकतील.